तापलेले मूल आणि अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब

पावसाळ्याचा जोर वाढला की महाराष्ट्रातील घराघरांत तापाची साथ फिरू लागते, याचे आता कोणालाही नवल वाटत नाही. पश्चिम भारतात इन्फ्लुएन्झाचा मुख्य भर जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत असतो आणि जानेवारी ते मार्च या काळात त्याची दुसरी लाट येते. घरातील कर्त्या माणसाला हा ताप आला तर तो चार दिवसांची रजा टाकून अंथरूण धरतो आणि पाचव्या दिवशी कचेरीत जातो. परंतु हाच ताप घरातील दोन वर्षांच्या मुलाला आला म्हणजे सगळ्या घराचे चित्र पालटते. मुलाला बोलता येत नाही, दुखते कोठे ते सांगता येत नाही, औषध पोटात ठरत नाही आणि रात्र सरत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी एखाद्या औषधाचे नाव लिहून दिले आणि ते दोन दिवसांच्या आत सुरू केले तरच उपयोग, असे बजावले, तर त्या घरावर जो प्रसंग ओढवतो तो केवळ कौटुंबिक नसतो. त्यात बाजाराची रचना, सरकारी नियम, औषधकंपन्यांचा व्यवहार आणि सामान्य माणसाचे अज्ञान ही सगळी सूत्रे एकत्र आलेली असतात. म्हणून वैद्यकाचा कोणताही अधिकार नसताना एका अर्थशास्त्राच्या शिक्षकाने या विषयावर लिहिण्याचे धाडस केले आहे.

प्रसंग आमच्याच घरातला आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाच्या दोन वर्षांच्या मुलीला सकाळी दहाच्या सुमारास एकाएकी ताप भरला. दुपारपर्यंत तो १०३ अंशांवर गेला. तिची आई शाळेत शिक्षिका आहे. तिच्या वर्गातील निम्मी मुले त्या आठवड्यात तापाने गैरहजर होती आणि तिची स्वतःची चाचणी दोन दिवसांपूर्वी इन्फ्लुएन्झा ‘ए’ची निघाली होती. संध्याकाळी सात वाजता बालरोगतज्ज्ञांनी मुलीला तपासले. छाती स्वच्छ होती, श्वासाची गती ठीक होती. डॉक्टर म्हणाले, “सर, आईला झालेलाच आजार हिला झाला आहे असे मी धरून चालतो. ऑसेल्टामिविरचे सिरप लिहून देतो. जितक्या लवकर सुरू कराल तितके बरे. मात्र हे औषध म्हणजे रामबाण आहे असे समजू नका.”

चिठ्ठी घेऊन आम्ही दोघे भाऊ निघालो. रात्री दहापर्यंत पाच दुकाने झाली. कोठेही सिरप नव्हते. एका दुकानात मोठ्या माणसाच्या ७५ मिलिग्रॅमच्या कॅप्सूल होत्या आणि काउंटरवरच्या मुलाने सहजपणे सांगितले, “अर्धी अर्धी द्या, काही होत नाही.” दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरलो. अखेरीस रात्री नऊच्या सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या रुग्णालयासमोरच्या दुकानात, ३० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळाल्या. डॉक्टरांना फोन केला. कॅप्सूल उघडून तिच्यातील भुकटी गुळाच्या दाट पाण्यात कशी कालवायची ते त्यांनी समजावून सांगितले. ताप आल्यापासून पहिला डोस पोटात जाईपर्यंत ३५ तास गेले होते. त्यांपैकी २६ तास डॉक्टरांचा निर्णय झाल्यानंतरचे, म्हणजे निव्वळ औषध मिळवण्यात गेलेले होते.

औषध करते तरी काय?

या २६ तासांचे मोल किती, हे समजण्यासाठी औषधाचे कार्य समजले पाहिजे. इन्फ्लुएन्झाचा विषाणू श्वसनमार्गातील पेशींत शिरतो आणि तेथे आपल्या प्रती तयार करतो. या नव्या प्रती पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. त्यांना सोडवून पुढच्या पेशीकडे पाठविण्याचे काम न्युरामिनिडेज नावाचे विकर करते. ऑसेल्टामिविर त्या विकराला निष्प्रभ करते. म्हणजे हे औषध विषाणूला मारीत नाही, त्याचा प्रसार अडविते. प्रसाराचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असल्यामुळे त्यानंतर अडवण्यासारखे फारसे उरत नाही. अठ्ठेचाळीस तासांच्या मर्यादेमागचे कारण ते हेच.

हे औषध अमेरिकेतील गिलियड या कंपनीत तयार झाले आणि स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीने ते ‘टॅमीफ्लू’ या नावाने बाजारात आणले. प्रौढांसाठी त्याला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली, एक वर्षावरील मुलांसाठी २००० मध्ये आणि दोन आठवड्यांवरील अर्भकांसाठी २०१२ मध्ये. आपल्या मसाल्याच्या डब्यातील चक्रीफुलापासून मिळणारे शिकिमिक आम्ल हा त्याचा मूळ कच्चा माल. एवढ्या घरगुती वस्तूपासून निघालेले औषध गरजेच्या वेळी घराजवळच्या दुकानात असू नये, हा योगायोग नव्हे. त्याची कारणे पुढे येतील.

पुरावा काय सांगतो?

प्रथम प्रश्न असा की, हे औषध मिळवण्यासाठी इतकी धावपळ करणे योग्य होते काय? त्याचे उत्तर भाबडेपणाने ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही.

या औषधाच्या पुराव्याची कथा मोठी उद्‌बोधक आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात टॅमीफ्लूमुळे आजारातील गुंतागुंत कमी होते, असा निष्कर्ष काढण्यात आला होता आणि अनेक सरकारांनी त्यावर विसंबून साठे केले. २००९ मध्ये केइजी हायाशी या जपानी बालरोगतज्ज्ञाने एक साधा प्रश्न विचारला. ज्या दहा चाचण्यांवर हे विश्लेषण उभे आहे, त्यांपैकी केवळ दोनच प्रसिद्ध झाल्या आहेत. मग उरलेल्या आठांवर विश्वास ठेवायचा कसा? त्या प्रश्नातून वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे संशोधक आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ यांनी कंपनीकडे संपूर्ण अहवालांची मागणी लावून धरली. ते हाती येण्यास २०१३ साल उजाडले. एप्रिल २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रौढांमध्ये लक्षणांचा काळ सुमारे १७ तासांनी कमी होतो, एरवी निरोगी असलेल्या मुलांमध्ये सुमारे २९ तासांनी. दम्याच्या मुलांत तसा फायदा आढळला नाही. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटते, असेही दिसले नाही. उलट औषध घेणाऱ्या दर १९ मुलांमागे एका मुलाला औषधामुळे उलटी होते. दरम्यान एकट्या ब्रिटनने या औषधावर ४२ कोटी ४० लाख पौंड खर्च केले होते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या मुख्य यादीतून ते काढून पूरक यादीत टाकले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सोडूनच द्यावे! परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली फिनलंडमधील एक चाचणी नेमकी एक ते तीन वर्षांच्या मुलांवर केलेली आहे आणि त्यात औषध चोवीस तासांच्या आत सुरू करण्यात आले होते. इन्फ्लुएन्झा ‘ए’ झालेली मुले औषधाविना साडेसहा दिवसांत बरी झाली, तर औषध घेतलेली तीन दिवसांत. म्हणजे साडेतीन दिवसांचा फरक. पहिल्या बारा तासांत औषध सुरू झालेल्या मुलांमध्ये कानाच्या आतील संसर्गाचे प्रमाण ८५ टक्क्यांनी कमी आढळले. शिवाय आईवडिलांचे कामावरील खाडे तीन दिवसांनी घटले. इन्फ्लुएन्झा ‘बी’वर मात्र उपयोग दिसला नाही. याच चाचणीतील आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. साथीच्या काळात ताप आला म्हणून घेतलेल्या ४०९ मुलांपैकी प्रत्यक्ष इन्फ्लुएन्झा निघाला तो अवघ्या ९८ जणांत. उरलेल्या तीन-चतुर्थांश मुलांना दुसरेच काही झाले होते आणि त्यांच्या बाबतीत हे औषध म्हणजे केवळ कडू भुकटी होती.

हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, अशा चाचण्या बहुधा निरोगी व्यक्तींवर होतात. त्यांत गंभीर गुंतागुंत विरळाच उद्भवते. त्यामुळे विरळ पण घातक परिणाम औषधाने टळतात की नाही, हे त्यांतून ठामपणे सिद्ध होत नाही आणि असिद्धही होत नाही. रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढांच्या नोंदींवरून लवकर दिलेल्या औषधाचा लाभ दिसतो, परंतु नोंदींचा पुरावा हा चाचणीच्या पुराव्याइतका भक्कम मानता येत नाही.

तीन देश, तीन रीती

पुरावा असा संदिग्ध असला की देशोदेशींच्या रीती भिन्न होतात. अमेरिकेतील मार्गदर्शनानुसार पाच वर्षांखालील, विशेषतः दोन वर्षांखालील, प्रत्येक मूल जोखमीच्या गटात मोडते आणि इन्फ्लुएन्झाचा संशय आला की चाचणीच्या निकालाची वाट न पाहता औषध सुरू करावे, असा सल्ला आहे. जपानमध्ये झटपट चाचणी करून औषध देण्याची पद्धत इतकी रूढ झाली की, एके काळी जगातील टॅमीफ्लूचा बहुतांश खप त्या एका देशात होत असे. त्याच जपानने काही किशोरवयीन रुग्णांच्या विचित्र वर्तनाच्या घटनांनंतर २००७ मध्ये दहा ते एकोणीस या वयोगटाला हे औषध देऊ नये असे सांगितले आणि पुढील अभ्यासानंतर २०१८ मध्ये ते बंधन उठविले.

आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००९ च्या साथीत रुग्णांचे तीन वर्ग ठरविले. ‘अ’ वर्ग म्हणजे सौम्य ताप, खोकला, घसादुखी. यांना औषधही नको आणि चाचणीही नको, मात्र २४ ते ४८ तासांनी पुन्हा तपासावे. ‘ब’ वर्गात अधिक तापाचे आणि जोखमीच्या गटातील रुग्ण येतात. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दीर्घ आजाराचे रुग्ण आणि जोखीम वाढविणारे दुसरे कारण असलेली मुले यांचा त्यात समावेश होतो. ‘क’ वर्गात धाप, छातीत दुखणे, गुंगी, नखे निळी पडणे, थुंकीतून रक्त, आणि लहान मुलांत कमालीची चिडचिड व अन्नपाणी नाकारणे अशी धोक्याची लक्षणे असलेले रुग्ण येतात. त्यांना तत्काळ दाखल करून उपचार करावयाचे. म्हणजे ज्या निरोगी दोन वर्षांच्या मुलाला अमेरिकेत केवळ वयामुळे औषध मिळते, त्याच मुलाला सौम्य ताप असेल तर आपल्या वर्गवारीत ते मिळेलच असे नाही. यात एक शहाणा आणि दुसरा मूर्ख असे मुळीच नाही. एकाच अपुऱ्या पुराव्याचे हे दोन वाजवी अर्थ आहेत.

अनिश्चिततेत निर्णय

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेवर एक निबंध लिहिला. पुढे १९७२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे की, आजार केव्हा येईल हे अनिश्चित, उपचाराने गुण येईल की नाही हेही अनिश्चित आणि विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते. म्हणून वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीच्या बाजारासारखा चालूच शकत नाही. तेथे विश्वास आणि नियम यांनीच उणीव भरून काढावी लागते. हा निबंध मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो आहे. त्याचा खरा अर्थ त्या रात्री पाचव्या दुकानाच्या पायरीवर कळला.

आमच्या घरातील निर्णय शास्त्रीय रीतीने मांडला तर असा दिसतो. सर्वसाधारण तापलेल्या मुलाला इन्फ्लुएन्झा असण्याचा संभव फिनलंडच्या त्या आकड्यांप्रमाणे चारात एक धरला, तर औषधाचा अपेक्षित लाभ पुष्कळच कमी होतो आणि उलटीचा त्रास मात्र पूर्ण राहतो. परंतु येथे आईची चाचणी आधीच ‘ए’ची आलेली होती. आई आणि मूल एकाच अंथरुणावर झोपत होते. त्यामुळे तो संभव चारात एकाहून कितीतरी वाढला होता. अशा वेळी मुलीची झटपट चाचणी करून तरी फारसे काय साधले असते? झटपट प्रतिजन चाचणीत खऱ्या रुग्णांपैकी ५० ते ७० टक्केच सापडतात. निकाल नकारार्थी आला असता तरी डॉक्टरांचे मत बदलले नसते. ज्या माहितीने निर्णय बदलणार नाही, ती माहिती विकत घेऊ नये, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे.

लाभाच्या बाजूला आजाराचा एखादा-दीड दिवस वाचण्याची बरीचशी शक्यता आणि कानाच्या संसर्गातून सुटकेची काही शक्यता होती. तोट्याच्या बाजूला उलटीची थोडी शक्यता आणि काही शे रुपये होते. आमच्या घराला ते रुपये जड नव्हते. परंतु रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला तेच रुपये दोन दिवसांच्या किराण्याइतके पडतात. उलट तिचे मूल दीड दिवस लवकर बरे झाले, तर तिची दीड दिवसाची मजुरी वाचते. पगारी रजा असलेल्या शिक्षकाला औषध परवडते, आणि ज्या बाईला एकेक दिवस मोलाचा तिला ते परवडत नाही, हा या हिशेबातील सर्वांत अन्यायाचा भाग आहे.

सिरप का मिळत नाही?

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याने जे पाहिले ते या पिढीला विसरता येणार नाही. ३ ऑगस्ट रोजी एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्ल्यूचा तो देशातील पहिला बळी. त्यानंतर नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयापुढे लागलेल्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल आणि बंद पडलेल्या शाळा-महाविद्यालयांचे दृश्य सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. त्या वेळी ऑसेल्टामिविर फक्त सरकारी यंत्रणेकडूनच मिळत असे. ते खुले केले तर लोक घाबरून साठे करतील आणि गैरवापराने औषध निरुपयोगी ठरेल, ही सरकारची भीती अगदीच अनाठायी नव्हती. त्याच वर्षी किरकोळ विक्रीस परवानगी मिळाली, पण ती ‘शेड्यूल एक्स’खाली, म्हणजे गुंगीच्या व मनोविकारावरील काही औषधांना लागणाऱ्या कडक नियमांखाली. असा परवाना फारच थोड्या दुकानांकडे असतो. २०१७ मध्ये हे औषध ‘शेड्यूल एच-१’मध्ये आले. आता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते साध्या परवान्याच्या दुकानातून मिळू शकते, मात्र दुकानदाराला त्याची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपून ठेवावी लागते.

कायद्याचा अडसर असा बराचसा दूर झाला. भारतात पेटंटचाही अडसर नाही. २००९ मध्येच आपल्या पेटंट कार्यालयाने या औषधावरील पेटंटचा अर्ज फेटाळला आणि अनेक भारतीय कंपन्या ते तयार करतात. तरीही सिरप दुकानात नसते, याचे कारण दुकानदाराच्या दुष्टपणात नसून त्याच्या हिशेबात आहे. या औषधाला वर्षातील तीन-चार महिनेच मागणी असते. उरलेले महिने बाटली फळीवर पडून मुदत संपते. कॅप्सूल निदान मोठ्यांना तरी खपते, मुलांच्या सिरपला गिऱ्हाईक आणखी मर्यादित. साथ आली की मागणी एका आठवड्यात कित्येक पटींनी वाढते आणि पुरवठा महिन्यापूर्वीच्या अंदाजावर चाललेला असतो. ही अडचण केवळ आपली नव्हे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतही मुलांच्या सिरपचा तुटवडा पडला आणि तेथील पालकांनाही कॅप्सूल उघडून गोड पाकात मिसळण्याचा मार्ग पत्करावा लागला. प्रत्येक दुकानदार आपल्यापुरता शहाणपणाने वागतो आणि सर्वांच्या शहाणपणाचा एकत्रित परिणाम मात्र तापलेल्या मुलाला औषध न मिळण्यात होतो. बाजाराच्या अपयशाचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

चमच्यातील धोका

औषध मिळाल्यानंतरही एक धोका उरतो. मुलांचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो. एक वर्षावरील पण १५ किलोपर्यंतच्या मुलाला दर वेळी ३० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस असे सर्वसाधारण प्रमाण आहे. आमची मुलगी ११ किलोची होती. तिला त्या काउंटरवरच्या सल्ल्याप्रमाणे ७५ मिलिग्रॅमची ‘अर्धी’ कॅप्सूल दिली असती, तर डोस अंदाजानेच गेला असता, कारण भुकटीचे अर्धे डोळ्यांनी करता येत नाही.

सिरपमध्ये आणखी वेगळा घोटाळा संभवतो. अमेरिकेत २००९ मध्ये चिठ्ठीवर प्रमाण मिलिलिटरमध्ये आणि बाटलीसोबतच्या पिचकारीवर खुणा मिलिग्रॅमच्या, असा प्रकार झाल्यामुळे तेथील औषध प्रशासनाला सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. पुढे २०११ मध्ये तेथे सिरपची तीव्रताच बदलून दर मिलिलिटरला १२ मिलिग्रॅमऐवजी ६ मिलिग्रॅम करण्यात आली. म्हणजे एकाच नावाच्या दोन बाटल्यांतील एकाच मापात दुप्पट-निमपटीचा फरक असू शकतो. १२ मिलिग्रॅमच्या सिरपचे अडीच मिलिलिटर म्हणजे ३० मिलिग्रॅम, आणि ६ मिलिग्रॅमच्या सिरपचे पाच मिलिलिटर म्हणजे तेवढेच. ज्या घरात आजी मूल सांभाळते आणि डबीवरील मजकूर इंग्रजीत असतो, तेथे हा फरक कोण उलगडून सांगणार?

काय करता येईल?

या परिस्थितीवर उपाय अवघड नाहीत. दुकानदाराला तोटा सोसून साठा ठेवण्यास भाग पाडता येणार नाही, परंतु सार्वजनिक रुग्णालयांना ते शक्य आहे. प्रत्येक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयात आणि महापालिकेच्या दवाखान्यात साथीच्या महिन्यांत मुलांच्या सिरपचा व ३० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलचा निश्चित साठा असावा आणि खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तो रात्री-अपरात्री मिळावा. साठा मुदतीआधी वापरला जाईल अशा रीतीने तो एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे फिरविता येतो. कोणत्या दुकानात औषध आहे, हे औषधविक्रेत्यांच्या संघटनेला एका दूरध्वनीवर सांगता येण्याजोगे आहे. आमचे निम्मे तास केवळ या एका सोयीने वाचले असते. मुलांच्या औषधावर तीव्रता आणि मापे ठळक मराठीत असावीत आणि मापाची पिचकारी बाटलीसोबतच मिळावी, ही मागणी ग्राहक चळवळीने हाती घ्यावी.

आजार टाळण्याचा मार्ग लसीचा आहे. सहा महिन्यांवरील मुलांना ती दरवर्षी देता येते, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पाच वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांसाठी तिची शिफारस करते, परंतु सरकारी सार्वत्रिक लसीकरणात ती अद्याप नाही. म्हणून ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचेच मूल सुरक्षित राहते. निदान पाळणाघरांतील व अंगणवाडीतील मुलांपासून सुरुवात करण्यास काय हरकत आहे?

आणि जोवर हे होत नाही तोवर घरातील वडीलधाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ताप केव्हा चढला ती वेळ लिहून ठेवावी. मुलाचे वजन माहीत असावे. इन्फ्लुएन्झाच्या संशयात मुलाला ॲस्पिरिन मुळीच देऊ नये, कारण त्यातून यकृत व मेंदूला घातक असा विकार जडू शकतो. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यास २०११ पासून आपल्याकडे बंदी आहे. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. काहीतरी दिलेच पाहिजे, या हट्टापायी खोकल्याची औषधे पाजू नयेत. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने निष्पाप बालकांचे प्राण घेतले, ते अद्याप ताजे आहे. आणि मूल धापा टाकू लागले, निपचित पडले, पाणी पिईना किंवा ओठ-नखे निळसर दिसू लागली, तर तास मोजीत घरी बसू नये. ४८ तास उलटले तरी रुग्णालयात दाखल होण्याजोग्या मुलाला हे औषध डॉक्टर देतातच.

आमच्या मुलीला दुसऱ्या डोसनंतर उलटी झाली. तिसरा डोस खाऊनंतर दिल्यावर पोटात ठरला. चौथ्या दिवशी तिचा ताप उतरला आणि तिने स्वतःहून दूधभात मागितला. माझी भावजय म्हणाली, “दादा, औषधाने गुण आला.” मी होकारार्थी मान हलविली. वस्तुतः मला ते ठाऊक नाही आणि कोणालाही ठाऊक असणे शक्य नाही. औषध न घेतलेली तीच मुलगी आमच्यापाशी तुलनेसाठी नव्हती. अनेक मुलांची सरासरी शास्त्राला सांगता येते. एका मुलाचे भवितव्य त्याला सांगता येत नाही. म्हणूनच असा निर्णय घेताना आईबापांनी स्वतःला गुन्हेगार समजू नये. औषध दिले म्हणूनही नाही आणि दिले नाही म्हणूनही नाही.

परंतु निर्णय घेण्याची संधीच न मिळणे, ही वेगळी गोष्ट आहे. डॉक्टरांनी सात वाजता विचारपूर्वक दिलेला सल्ला दुसऱ्या रात्री नऊपर्यंत कागदावरच राहिला, याला शास्त्रातील अनिश्चितता कारण नव्हती. ते २६ तास आपल्या व्यवस्थेने घेतले. आमच्यापाशी वाहन होते, फोन होता, इंग्रजी वाचता येत होते. ज्यांच्यापाशी यांतले काही नाही, त्यांचे किती तास जातात, याचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत होत नाही. तो होऊ लागला, तर पुढच्या पावसाळ्यात निदान काही मुलांना तरी औषध वेळेत मिळेल.